एच६१ बोर्डवर आय५-३४७० बसवायचाय: बायोस अपडेट करावा का, कसा, आणि फसला तर काय

प्रश्न थोडक्यात असा. २०१२ साली असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप, एच६१ चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डवरच्या जोडण्या सांभाळणारी मुख्य चिप) मदरबोर्ड, आत इंटेलचा कोअर आय३-२१०० प्रोसेसर. जुना आय५-३४७० स्वस्तात मिळतोय. तो चालण्यासाठी बायोस, म्हणजे मशीन चालू होताच सगळ्यात आधी चालणारा बोर्डवरच्या चिपमधला प्रोग्राम, अपडेट करावा लागेल असं दुकानदार म्हणतो, आणि बायोस अपडेट करताना बोर्ड 'उडतो' असं बाकी सगळे म्हणतात. मग करावं की नाही?

दुकानदाराचं बरोबर आहे. बाकीच्यांचंही खोटं नाही, पण बोर्ड उडतो तो बहुतेक वेळा अपडेटमुळे नव्हे, तर चुकीच्या फाइलमुळे किंवा मध्येच वीज गेल्यामुळे. प्रत्यक्ष फ्लॅशिंगला, म्हणजे चिपवर नवा बायोस लिहायला, तीन-चार मिनिटं लागतात. त्याआधीची तयारी तास-दीड तासाची असते आणि सगळं यशापयश तिथेच ठरतं.

आधी मूळ कारण. आय३-२१०० हा सँडी ब्रिज पिढीचा, २०११ चा. आय५-३४७० हा आयव्ही ब्रिज पिढीचा, २०१२ चा. दोघांचं सॉकेट एकच, एलजीए ११५५. त्यामुळे नवा प्रोसेसर जुन्या बोर्डमध्ये बिनतक्रार बसतो आणि घोडं नेमकं इथेच पेंड खातं. बसला म्हणजे चालेल असं नाही. वीज आल्यावर प्रोसेसर पहिली सूचना वाचतो ती बायोसच्या चिपमधून. त्या बायोसमध्ये आयव्ही ब्रिजचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या कामाच्या दुरुस्त्या) आणि त्याला जागं करण्याचा कोडच नसेल, तर पंखा फिरतो, स्क्रीन काळी राहते. काही बोर्डांवर पंखा तीन-चार सेकंद फिरून थांबतो, पुन्हा फिरतो, पुन्हा थांबतो. लोक म्हणतात प्रोसेसर खराब दिला. प्रोसेसर चांगलाच असतो.

म्हणून पहिला नियम: आय३ आत असतानाच बायोस अपडेट करायचा, प्रोसेसर नंतर बदलायचा. आय३ आधीच विकून टाकला असेल तर कुणाकडून तरी सँडी ब्रिज मिळवा. सेलेरॉन जी५३० किंवा पेंटियम जी६२० सुद्धा या कामाला पुरतो आणि जुन्या बाजारात अगदी किरकोळ किमतीत मिळतो. अपडेटनंतर बोर्ड दोन्ही पिढ्यांचे प्रोसेसर चालवतो, तेव्हा परत आय३ वर यायचा रस्ता बंद होत नाही.

दुसरी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. त्याच चिपमध्ये बायोसच्या शेजारी इंटेलच्या मॅनेजमेंट इंजिनचं, म्हणजे एमईचं, वेगळं फर्मवेअर (चिपमध्ये साठवलेला प्रोग्राम) असतं. सहा मालिकेच्या चिपसेटचे (एच६१ त्यातलाच) बोर्ड आले तेव्हा त्यांत एमई ७ होतं. आयव्ही ब्रिजसाठी एमई ८ लागतं. म्हणून या पिढीत कंपन्यांनी काही मॉडेलांसाठी दोन टप्प्यांचं अपडेट दिलं: आधी एमई किंवा एखादी मधली आवृत्ती, मग शेवटची. कंपनीच्या पानावर 'ही आवृत्ती टाकण्याआधी अमुक आवृत्ती टाका' असं लिहिलं असेल तर ते शब्दशः पाळा. थेट शेवटच्या पायरीवर उडी मारली की एक तर फाइल नाकारली जाते, किंवा स्वीकारली जाऊन पुढे त्रास देते. एमईचा भाग बिघडलेल्या मशीनची एक ठरलेली खूण आहे: सगळं नीट चालतं आणि बरोबर अर्ध्या तासाने मशीन आपोआप बंद पडतं.

करण्यासारखं आहे का, याचं उत्तर तुम्ही मशीनवर काय करता त्यावर आहे. आय३-२१०० ला दोन कोअर, आय५-३४७० ला चार, आणि टर्बोत तो ३.६ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. शिवाय आय३-२१०० मध्ये एईएस एन्क्रिप्शनच्या सूचना नाहीत, आय५ मध्ये आहेत. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर हा फरक जाणवतो. पण मशीनमध्ये अजून हार्ड डिस्कच असेल तर आधी एसएसडी टाका, प्रोसेसरचं नंतर बघा. एच६१ वर साटा (डिस्क जोडायची जोडणी) ३ गिगाबिटचंच आहे, त्यामुळे एसएसडीचा पूर्ण वेग मिळणार नाही, तरी हार्ड डिस्कच्या तुलनेत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. रॅमचे स्लॉट दोन, कमाल १६ जीबी. यूएसबी ३ चिपसेटमध्ये नाहीच. या मर्यादा बायोसने हलत नाहीत.

तसंच 'बायोस अपडेट केला की विंडोज ११ अधिकृतपणे चालेल' ही समजूत काढून टाका. त्याला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (किल्ल्या सांभाळणारी सुरक्षेची चिप) लागतं. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीला, म्हणजे सँडी ब्रिज आणि आयव्ही ब्रिजला, कुठलाही बायोस तिथे पोचवत नाही. सुरक्षेसाठी म्हणून अपडेट करणाऱ्यांनाही सांगायचं तर, २०१८ च्या जानेवारीत स्पेक्टर आणि मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या त्रुटी उघड झाल्यानंतर आलेला मायक्रोकोड विंडोज आणि लिनक्स दोन्ही बूट होताना स्वतः भरू शकतात. एच६१ च्या बहुतेक बोर्डांचे बायोस त्याआधीच थांबले होते. थोडक्यात, नवा प्रोसेसर, न चालणारं ग्राफिक्स कार्ड किंवा आवृत्तीच्या टिपणात स्पष्ट लिहिलेली तुमचीच अडचण, यांपैकी काही असेल तर करा. नुसतं 'नवं आलंय' म्हणून करू नका.

आता बोर्डची ओळख. सगळ्यात जास्त बोर्ड इथेच जातात. विंडोजमध्ये विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबून एमएसइन्फो३२ चालवा. बायोसची आवृत्ती, तारीख आणि बेसबोर्डचं नाव दिसेल. तेवढ्यावर थांबू नका. कॅबिनेट उघडून बोर्डवर छापलेलं नाव वाचा. असूसचे पी८एच६१-एम एलएक्स, पी८एच६१-एम एलई आणि पी८एच६१-एम एलएक्स३ आर२.० हे तीन वेगळे बोर्ड आहेत, तिघांच्या फाइली वेगळ्या. गिगाबाइटमध्ये नाव जुळलं तरी काम संपत नाही. जीए-एच६१एम-डीएस२ च्या अनेक रिव्हिजन (त्याच नावाच्या बोर्डच्या सुधारित आवृत्त्या) निघाल्या आणि प्रत्येकीचं डाउनलोडचं पान स्वतंत्र आहे. 'आरईव्ही' असा शिक्का बोर्डच्या एका कोपऱ्यात, बारीक पांढऱ्या अक्षरांत असतो. धूळ पुसून, मोबाइलचा टॉर्च मारून वाचा आणि फोटो काढून ठेवा. खोक्यावरचं रिव्हिजन धरू नका, दुकानात खोकी अदलाबदल होतात.

मग त्याच मॉडेलच्या पानावर प्रोसेसरची यादी उघडा. आय५-३४७० समोर 'या बायोस आवृत्तीपासून' असा रकाना असतो. तुमच्याकडे आधीच ती किंवा पुढची आवृत्ती असेल तर अपडेटची गरजच नाही, सरळ प्रोसेसर बदला. २०१२ च्या उत्तरार्धात विकल्या गेलेल्या बऱ्याच बोर्डांवर कारखान्यातूनच आयव्ही ब्रिजचा बायोस आलेला असतो. आणि यादीत ३४७० नसेलच, तर विषय तिथे संपला.

कंपनीच्या तयार डेस्कटॉपला वेगळा न्याय. डेलचे ऑप्टिप्लेक्स ३९० आणि ३०१० दोन्ही एच६१ चेच. ३०१० आयव्ही ब्रिज घेतो, ३९० ला तो पाठिंबा नाही. चिपसेट एक असून फरक, कारण ३९० साठी कंपनीने तसा बायोस काढलाच नाही. क्यू६५, क्यू६७ आणि बी६५ हे ऑफिसच्या मशीनमध्ये सापडणारे चिपसेट तर आयव्ही ब्रिजच्या यादीत मुळातच नाहीत. लिलावात घेतलेल्या ऑफिस मशीनवर हे आधी बघा.

इंटेलचे स्वतःचे बोर्ड, उदाहरणार्थ डीएच६१डब्ल्यूडब्ल्यू, आपल्याकडे भरपूर विकले गेले. त्यांचा घोळ असा की इंटेलने २०१९ मध्ये जुन्या बोर्डांच्या बायोस फाइली आपल्या साइटवरून काढून टाकल्या. आता त्या लोकांनी जपून ठेवलेल्या संग्रहांतूनच मिळतात. घ्यायची असेल तर फाइलचा हॅश (फाइलमधल्या मजकुरावरून काढलेली ओळखखूण) दोन-तीन वेगळ्या ठिकाणच्या प्रतींशी जुळवून घ्या. या बोर्डांवर 'एए' ने सुरू होणारा क्रमांक स्टिकरवर असतो. प्रोसेसर चालेल की नाही हे त्या क्रमांकावरही अवलंबून असतं.

राहिले बिनब्रँडचे, हिरवे-निळे 'लोकल एच६१'. यांना बहुधा ना कंपनीचं पान असतं ना फाइल. 'चिपसेट तोच आहे' म्हणून दुसऱ्या बोर्डची फाइल यांत टाकली की बोर्ड मेला म्हणून समजा. नेटवर्क चिप, ऑडिओ, फॅन कंट्रोलर, रॅमच्या तारांची मांडणी यांतलं काहीच जुळत नाही. असा बोर्ड असेल तर स्पष्ट सल्ला: अपडेट नको. आहे त्या बायोसवर ३४७० चालतो का, हे तो विकणाऱ्याच्या दुकानात मशीन नेऊन लावून बघा.

तयारीत पहिली पाळी विजेची. ६०० व्हीएचा साधा यूपीएस पुरे, पण त्याची बॅटरी जिवंत हवी. तपासायची पद्धत अशी: मशीन यूपीएसवर लावा, बायोसच्या सेटिंगमध्ये जाऊन तसंच सोडा आणि यूपीएसचा प्लग भिंतीतून काढा. पाच मिनिटं मशीन चालू राहिलं तर यूपीएस कामाचा. 'बीप करतो म्हणजे चालू आहे' हा पुरावा नव्हे. आतली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी तीन-चार वर्षांनी नावापुरतीच उरते. घराचा इन्व्हर्टर असेल तर तो यूपीएस मोडवर आहे ना, ते बघा. साध्या मोडमध्ये वीज जाऊन इन्व्हर्टरवर यायला लागणारा वेळ एसएमपीएसला (कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायला) झेपेलच असं नाही. एटीएक्सच्या मानकाप्रमाणे एसएमपीएसने पूर्ण भारावर सुमारे १७ मिलिसेकंद तग धरायची असते. दहा वर्षांपूर्वीच्या, कपॅसिटर सुकलेल्या एसएमपीएसकडून तेवढीही अपेक्षा ठेवू नका. वीज मंडळाचा देखभालीचा दिवस असेल, आभाळ गडगडत असेल, तर काम दुसऱ्या दिवशी करा.

एसएमपीएस आणि बोर्डवरचे कपॅसिटर नजरेखालून घाला. डोकं फुगलेला, तपकिरी डाग पडलेला एक जरी दिसला तरी आधी तो बदला. बोर्डवरची नाण्यासारखी सीआर २०३२ बॅटरीही बदलूनच टाका. नवी ३ व्होल्टच्या किंचित वर दाखवते, मल्टिमीटरवर २.८ च्या खाली असेल तर ती संपत आलीये. संपलेली बॅटरी फ्लॅशिंग बिघडवत नाही. पण नंतर दर वेळी सेटिंग पुसली जातात आणि माणूस बायोसला दोष देत बसतो.

रॅमची तपासणी मात्र कुणी टाळू नये. फाइल पेनड्राइव्हवरून आधी रॅममध्ये येते आणि तिथून चिपवर लिहिली जाते. रॅमची एक खराब जागा म्हणजे चिपवर एक चुकीचा बाइट. मेमटेस्ट८६+ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामची एक पूर्ण फेरी होऊ द्या, ४ जीबीला तासाच्या आत होते. एक जरी चूक लाल अक्षरांत आली तरी फ्लॅशिंग थांबवा. रॅमच्या पट्ट्या काढून, सोनेरी संपर्क खोडरबराने पुसून, एकेक पट्टी लावून पुन्हा चाचणी घ्या.

मग बायोसमध्ये जाऊन प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. सर्वात महत्त्वाचं साटाचं पान: आयडीई, एएचसीआय की रेड (डिस्कशी बोलायच्या तीन पद्धती), जे असेल ते. त्यानंतर बूटचा क्रम, आणि बूट जुन्या पद्धतीने होतो की यूईएफआय या नव्या पद्धतीने. अपडेटनंतर सगळं मूळ स्थितीवर जातं. या पिढीच्या बऱ्याच बोर्डांवर साटाची मूळ स्थिती आयडीई असते. विंडोज एएचसीआयवर टाकलेलं असेल, तर अपडेटनंतर पहिल्याच बूटला निळा पडदा येतो: बूटचं साधन सापडत नाही. लोक घाबरून विंडोज पुन्हा टाकतात. साटा परत एएचसीआयवर नेलं की विंडोज जसंच्या तसं सुरू होतं, दहा सेकंदांचं काम.

बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर तो थोड्या वेळासाठी स्थगित करा आणि ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. फर्मवेअर बदललं की टीपीएम किल्ली सोडत नाही आणि विंडोज ती की मागतं. महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवा. फ्लॅशिंगमध्ये डिस्कला हात लागत नाही, पण बोर्ड गेलाच तर त्या फाइलींसाठी अडून राहायला नको. ओव्हरक्लॉक किंवा रॅमचा वेग वाढवलेला असेल तर मूळ सेटिंग लोड करा, सेव्ह करून एकदा मशीन सुरू होऊ द्या, मगच पुढे.

पेनड्राइव्ह जुना, लहान, ४ ते १६ जीबीचा घ्या. फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा. एनटीएफएस किंवा एक्सफॅट जुन्या बायोसला दिसत नाही. झिप फाइल उघडून आतली फाइलच थेट पेनड्राइव्हवर ठेवा, फोल्डरमध्ये नाही. नावात बदल करू नका, मॅन्युअलने सांगितलं असेल तरच करा. पेनड्राइव्ह मागच्या काळ्या यूएसबी पोर्टला लावा. निळे पोर्ट या बोर्डांवर बहुधा वेगळ्या चिपवर असतात आणि विंडोज सुरू होण्याआधी ते जागे असतीलच असं नाही. समोरच्या पोर्टची तार ढिली असू शकते, ती जोखीम नको. आणि पेनड्राइव्हवर दुसरी कुठलीही बायोस फाइल नको, निवडताना बाण एक घर खाली गेला तर?

विंडोजमधून चालणारे कंपन्यांचे अपडेट प्रोग्राम मिळतात. त्यांना हात लावू नका. विंडोजमध्ये त्याच वेळी अँटिव्हायरस असतो, पार्श्वभूमीत अपडेट असतात, ड्रायव्हर असतात. यांतलं काहीही लटकलं की लिखाण अर्ध्यावर. बायोसमधल्या साधनाला या कशाचाही संबंध येत नाही.

असूसवर डिलीटने आत जा, अ‍ॅडव्हान्स्ड मोडमध्ये टूल, तिथे ईझी फ्लॅश २. गिगाबाइटवर मशीन सुरू होताना एंड दाबलं की क्यू-फ्लॅश उघडतं. त्यात आधी 'सेव्ह' करून सध्याच्या बायोसची प्रत पेनड्राइव्हवर घ्या, मगच अपडेट. एएसरॉकवर एफ६ ने इन्स्टंट फ्लॅश, एमएसआयवर एम-फ्लॅश. डेलच्या २०१२ नंतरच्या बऱ्याच मशीनवर एफ१२ च्या यादीतच बायोस फ्लॅश अपडेट असतं आणि डाउनलोड केलेली ईएक्सई फाइल ते थेट वाचतं. त्याआधीच्या डेलला फ्रीडॉसचा (डॉससारख्या साध्या ऑपरेटिंग सिस्टमचा) बूट होणारा पेनड्राइव्ह बनवावा लागतो, रुफस या प्रोग्रामने तो दोन मिनिटांत होतो. एचपीच्या ऑफिस मशीनवर एफ१०, फाइल मेनू, फ्लॅश सिस्टम रॉम. इंटेलच्या बोर्डवर सुरुवातीला एफ७.

फाइल निवडली की पडद्यावर तिचं मॉडेल, आवृत्ती आणि तारीख दिसते. शेजारी सध्याची. इथे थांबा आणि अक्षर-अक्षर वाचा. 'मॉडेल जुळत नाही' असा इशारा आला तर मागे फिरा. तो इशारा चुकवून फाइल जबरदस्तीने टाकायच्या युक्त्या नेटवर सापडतात. त्या तुमच्या कामाच्या नाहीत.

होकार दिल्यावर चार टप्पे होतात: वाचणं, पुसणं, लिहिणं, पडताळणं. पुसायला सुरुवात झाल्यापासून पडताळणी संपेपर्यंत बोर्डवर चालण्याजोगा बायोस नसतो. या काळात कीबोर्ड, माऊस, पेनड्राइव्ह, कशालाही हात नको. टक्का एका जागी दोन-तीन मिनिटं थांबला तरी नको. एमईचा भाग लिहिताना असं होतं. अर्धा तास काहीच हललं नाही, तर मात्र ते अडकलं असं धरा. तेव्हाही बंद करण्याआधी एकदा विचार करा: मशीन चालू आहे तोवर काही साधनं पुन्हा फाइल निवडायची संधी देतात. बंद केलं की ती संधी गेली.

यशस्वी झाल्यावर मशीन आपोआप दोन-तीनदा चालू-बंद होऊ शकतं आणि पहिल्या वेळी स्क्रीन यायला मिनिटभर लागू शकतं. ते नवीन फर्मवेअरचं रॅमशी जुळवून घेणं आहे. मग एफ१ दाबायला सांगणारा संदेश येतो. आत जाऊन मूळ सेटिंग लोड करा, सेव्ह करा, पुन्हा आत या आणि आता फोटो बघून साटा, बूट आणि तारीख-वेळ भरा. एमएसइन्फो३२ मध्ये नवी आवृत्ती दिसते का बघा. आणि लगेच प्रोसेसर बदलायची घाई करू नका. एक दिवस आय३ वरच चालवा. एका वेळी एकच गोष्ट बदलली, तर बिघाड कुठे आहे ते शोधता येतं.

प्रोसेसर बदलताना लक्षात ठेवायचं एवढंच की या सॉकेटमध्ये पिना बोर्डवर असतात, प्रोसेसरवर नाही. उचललेला कूलर किंवा पेस्टचं (प्रोसेसर आणि कूलरमधल्या थर्मल पेस्टचं) बोट सॉकेटवर पडलं की पिना वाकल्या. खाचा जुळवून प्रोसेसर वरून अलगद ठेवायचा, दाबायचा नाही. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मधोमध वाटाण्याएवढी नवी. आय३-२१०० चं रेटिंग ६५ वॅट, ३४७० चं ७७. जुनाच कूलर चालतो, पण धूळ काढा आणि चारही पुशपिन खाली 'टक' आवाज करून बसल्या ना, ते बोर्डच्या मागून बघा. पूर्ण भारावर तापमान ८५ अंशांवर जात असेल तर बहुधा एखादी पिन बसलेली नसते.

आता फसलं तर. पहिली गोष्ट, काळी स्क्रीन म्हणजे बायोस मेलाच असं नाही. केबल भिंतीतून काढा, सीआर २०३२ काढा, सीएमओएस (बायोसची सेटिंग साठवणारी जागा) साफ करायच्या दोन पिनांना मॅन्युअलप्रमाणे दहा सेकंद जोडा, पाच मिनिटं थांबा. एकच रॅमची पट्टी, ग्राफिक्स कार्ड असेल तर ते काढून, पुन्हा प्रयत्न करा. बरीच 'मेलेली' मशीनं इथेच उठतात.

नाहीच उठलं तर कंपनीची तरतूद बघा. गिगाबाइटच्या ड्युअल बायोसच्या बोर्डवर दुसरी चिप असते आणि मुख्य चिप बिघडलीये हे कळलं की तिच्यातून मूळ बायोस परत लिहिला जातो. मशीन सलग चालू-बंद होत असेल तर त्याला दहा मिनिटं तरी ते करू द्या. असूसच्या क्रॅशफ्री बायोसमध्ये बायोसचा सुरुवातीचा भाग शाबूत असेल तर तो पेनड्राइव्हवर किंवा बोर्डसोबत आलेल्या डीव्हीडीवर फाइल शोधतो. फाइलचं नाव मॅन्युअलमध्ये दिलेलंच हवं, एक अक्षर चुकलं तरी सापडत नाही. इंटेलच्या बोर्डवर बायोस कॉन्फिगरेशनचा तीन पिनांवरचा जंपर (पिना जोडणारी छोटी टोपी) पूर्ण काढून, बीआयओ फाइलचा पेनड्राइव्ह लावून मशीन चालू केलं की ते स्वतः दुरुस्तीला लागतं.

हेही नाही झालं तर चिप थेट प्रोग्रामरने (चिप वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या छोट्या यंत्राने) लिहायची. लोक समजतात तितकं हे अवघड नाही. बायोसची चिप म्हणजे आठ पायांची एसपीआय फ्लॅश, २५क्यू३२ म्हणजे ४ एमबी, २५क्यू६४ म्हणजे ८ एमबी. असूसच्या बऱ्याच एच६१ बोर्डांवर ती सॉकेटमध्ये असते, चिमट्याने सरळ वर उचलता येते. काढण्याआधी खाच कुठल्या बाजूला आहे त्याचा फोटो घ्या. गिगाबाइटवर ती सोल्डर केलेली असते. तिथे क्लिप लावावी लागते किंवा हॉट एअरने काढावी लागते.

सीएच३४१ए नावाचा प्रोग्रामर काही शे रुपयांत मिळतो. काळ्या रंगाच्या स्वस्त प्रकारात एक खोट आहे: चिपला वीज ३.३ व्होल्टची मिळते, पण डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात. या बोर्डांवरची चिप ३.३ व्होल्टची. बऱ्याचदा ती सहन करते, पण क्लिप लावून चिप बोर्डवरच लिहिताना तेच ५ व्होल्ट चिपसेटपर्यंतही पोचतात. व्होल्टेज निवडायचं बटण असलेला प्रकार घ्या. क्लिप लावताना बोर्डची वीज आणि सीआर २०३२ दोन्ही काढलेली हवीत. लाल तार चिपवरच्या टिंबाच्या पायाला.

लिहिण्याआधी चिप दोनदा वाचा आणि दोन्ही फाइलींचे हॅश जुळवा. जुळले नाहीत तर क्लिप नीट बसलेली नाही. जुळले तर ती फाइल जपून ठेवा, बायोस मेलेला असला तरी. त्यात तुमच्या मशीनचा सीरियल नंबर, यूयूआयडी (मशीनचा ओळख क्रमांक), इंटेलचं नेटवर्क असेल तर त्याचा मॅक पत्ता (नेटवर्क चिपचा स्वतःचा क्रमांक) आणि तयार मशीनमध्ये विंडोजच्या परवान्याची नोंद असते. नेटवरून दुसऱ्याच्या मशीनची पूर्ण प्रत उतरवून आंधळेपणाने लिहिली की हे सगळं जातं. इंटेल नेटवर्कच्या बोर्डवर मॅक पत्ता ८८:८८:८८:८८:८७:८८ दिसायला लागला, तर नेमकं हेच झालंय. एकाच ऑफिसात अशी दोन मशीनं असली तर दोघांचं नेटवर्क आळीपाळीने तुटतं आणि कारण सापडता सापडत नाही.

असूसच्या कॅप प्रकारच्या फाइलीत आणखी एक मेख आहे. तिच्या सुरुवातीला २,०४८ बाइटचं आवरण असतं. ईझी फ्लॅश ते काढून लिहितो, प्रोग्रामर काढत नाही. ८ एमबीच्या चिपसाठी फाइल ८३,८८,६०८ बाइटची हवी. तुमची ८३,९०,६५६ दाखवत असेल तर हेक्स एडिटरमध्ये (फाइल बाइट-बाइट बदलता येणाऱ्या प्रोग्राममध्ये) पहिले २,०४८ बाइट उडवा. तसंच लिहिलं तर प्रोग्रामर तक्रार तरी करतो किंवा शेवट कापून टाकतो, आणि मशीन काही केल्या उठत नाही.

मग क्रम असा: पुसणं, कोरी आहे का तपासणं, लिहिणं, पडताळणं. पडताळणी जुळली की चिप परत खाच बघून बसवा. उलटी बसवून वीज दिली तर चिप भाजून निघते.

एवढं हाताने करायचं नसेल तर मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास चिप लिहून देणारे आहेत, आणि तालुक्याच्या गावी लॅपटॉप दुरुस्ती करणाऱ्याकडेही प्रोग्रामर असतो. जाताना बोर्ड, रिव्हिजनचा फोटो आणि कंपनीच्या साइटवरून उतरवलेली फाइल सोबत न्या. काम देताना दोन गोष्टी बोलून घ्या: आधी जुन्या चिपची प्रत काढून पेनड्राइव्हवर द्यायची, आणि तुमचीच फाइल लिहायची, त्यांच्या संग्रहातली नाही.